चालून दाखवा

कंडक्टरने पुऱ्या तिकिटाला पंच मारून ते सहादूच्या हातात ठेवलं, तेव्हा खोटं कशाला बोला, त्याला आधी बरंच वाटलं. निमाणीहून सातपूरला जाणारी सकाळची बस. सगळे रोजचे लोक, रोजच्या जागा. कोण कुठं डुलकी काढतो, कोण कुणाच्या खांद्यावर डबा टेकवतो, हे डोळे मिटून सांगता यावं अशी. या बसमध्ये सहादू विधाते आजवर सवलतीचा माणूस होता. खिडकीवर 'अपंगांसाठी' लिहिलेल्या सीटवर तो मालकासारखा बसायचा, आणि शेजारी नवीन कुणी बसलं की पायाची गोष्ट सांगायचा. दर वेळी वेगळी. मखमलाबादच्या उसात बिबट्या आला होता, त्याने धरला. सर्कशीत झुल्यावर होतो, खालची जाळी फाटकी निघाली. एकदा तर एका बँकेतल्या माणसाला त्याने सांगितलं होतं की हा पाय माझा नाहीच, भावाचा आहे. सातपूर येईपर्यंत तो माणूस पायाकडे बघत राहिला होता. नुसतं पोलिओ म्हणायला सहादूच्या जिवावर यायचं. त्यात गोष्टच नाही. ताप आला, उतरला, जाताना पाय घेऊन गेला, संपलं. तर त्या पुऱ्या तिकिटाकडे बघत तो म्हणाला, "आज काय माझा वाढदिवस हाय का, दादा?" कंडक्टर म्हणाला, "काका, तुमचंच नवीन कार्ड बघा. अडतीस टक्के. चाळीसच्या खाली सवलत नाय. तुम्ही बरे झाले आता." मागून कुणीतरी ओरडलं, "मग पेढे काढा की, सहादूशेठ!" अख्खी बस हसली. सगळ्यात मोठ्याने सहादू हसला, कारण कुठंही हशा झाला की त्यातला मोठा वाटा आपला, हा त्याचा जुना हिशोब.

पण बस पुलावर चढली तसं ते हसू ओसरलं. अडतीस. कार्ड हातात पडून महिना झाला होता, कंडक्टरला दाखवलं मात्र आजच, आणि त्याने तो आकडा पाहिलाही होता. पाहून खूशही झाला होता. त्याचं असं होतं, शाळेत गणितात त्याला एकदाच अडतीस पडले होते, आणि पस्तीसला पास असल्यामुळे बापाने त्या संध्याकाळी बाजारातून झेंडूच्या पाट्या विकून येताना जिलबी आणली होती. अडतीस म्हणजे जिलबी, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की कार्डावर तो आकडा बघून त्याने ते मजेत खिशात टाकलं होतं. आता खालून गोदावरीचं हिरवट पाणी मागं जात होतं आणि त्याला एकेक कळायला लागलं. या परीक्षेत पास व्हायला चाळीस लागतात. पास म्हणजे लंगडा. नापास म्हणजे धडधाकट. तो दोन मार्कांनी धडधाकट झाला होता. आणि सवलत गेली म्हणजे नुसती सवलत नाही, दर महिन्याचे ते सरकारी पैसेही गेले, ज्याला सगळी गल्ली 'पगार' म्हणायची. तसा तो गेलाच. त्या महिन्यात आला नाही, पुढच्या महिन्यात आला नाही. चौकशीला गेला तर कचेरीच्या खिडकीतला माणूस प्रेमाने म्हणाला, "आता ज्यांना खरी गरज आहे त्यांना मिळू द्या ना, काका."

हे खरी गरज प्रकरण सहादूच्या डोक्यात बरेच दिवस गांधीलमाशीसारखं फिरत राहिलं. कारण लोकांना वाटायचं, पगार म्हणजे बसून खायचा पैसा. सहादूच्या घरात तो उठून जायचा पैसा होता. सातपूरच्या थांब्यापासून वाळूशेठच्या वर्कशॉपपर्यंत चांगलं लांब. तिथं जायला रिक्षा लागायची, ती पगारातून. डाव्या बुटाला जाड तळ लागायचा, तो झिजला की नवीन, तोही पगारातून. पावसात बस चुकली तर अजून एक रिक्षा. एवढं सगळं करून तो आठच्या ठोक्याला मोटरींपुढं बसायचा आणि जळालेल्या मोटरी पुन्हा भरायचा. तांब्याची तार, वार्निशचा वास, बोटांना पडलेले घट्टे. लासलगावपासून नामपूरपर्यंतच्या कांद्यावरच्या मोटरी उन्हाळ्यात रांग लावून जळायच्या, आणि त्या दिवसांत सहादू म्हणजे वर्कशॉपचा जावई. सरकारचे थोडे आणि वाळूशेठचे बरे, असे दोन पैसे एकमेकांचा हात धरून चालत होते. एकाने हात सोडला तसा दुसराही लडखडला. आता तो थांब्यापासून पायी निघायचा. आणि सहादूचं पायी चालणं म्हणजे ऐटबाज, सावकाश, कारखान्याच्या फाटकाशी उभ्या लोकांनी बघत राहावं असं. साडेआठ वाजायचे, कधी नऊ. बुटाचा तळ एका बाजूने खचला तसं ते चालणं अजून सावकाश झालं. म्हणजे गंमत बघा, पगार बंद झाल्यामुळे तो हळूहळू पगाराला लायक व्हायला लागला होता, फक्त हे कुणाला दाखवायचं ते कळत नव्हतं.

वाळूशेठ वाईट माणूस नव्हता. जाड, घामाघूम, सगळ्यांशी भांडून सगळ्यांना चहा पाजणारा. एके सकाळी त्याने सहादूपुढं कप ठेवला आणि म्हणाला, "सहादू, तुझ्या हातासारखा हात नाय मला मिळायचा. पण हात दहाला येतो. गिऱ्हाईक सातला येऊन माझ्या आईबापाची आठवण काढतंय." सहादू म्हणाला, "दहाला नाय शेठ, साडेआठला." "बरं, साडेआठला. पण पुढच्या महिन्यापासनं आठला नाय बसलास तर मी दुसरा पोरगा बघतो. राग मानू नको." "राग कशाचा, साखर कमी हाय फक्त," सहादू म्हणाला आणि चहा पिऊन टाकला. पण त्या दिवशी तार गुंडाळताना त्याचे वेढे चुकले. आयुष्यात पहिल्यांदा. बोटं आपली आपण थांबली आणि त्याला वाटलं, पाय गेला तेव्हा हे हात उरले होते, आता हातसुद्धा रिक्षाशिवाय इथवर पोचत नाहीत. फेरतपासणीचा अर्ज त्याने तेव्हाच दिला. महिनाअखेरचा बुधवार मिळाला.

अडतीस कसे पडले हे मात्र त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि तेच कुणाला सांगता येत नव्हतं. झालं असं होतं. तपासणीच्या त्या मोठ्या हॉलमध्ये भिंतीला बाकं, बाकांवर काठ्या, कुबड्या, पट्टे, आया, पोरं. मधे मोकळी फरशी आणि टोकाला टेबलाशी एक तरुण डॉक्टर, झोप न झालेला, हाताखालचे कागद भराभर सरकवणारा. सहादूचं नाव आलं. डॉक्टर वर न बघता म्हणाला, "चालून दाखवा." बास. या दोन शब्दांनी सहादूच्या आतलं काहीतरी खाडकन उभं राहिलं. पाठ ताठ झाली. डावा हात आपोआप पँटच्या खिशात गेला. आणि तो त्या फरशीवरून असा चालला, असा चालला, की बाकावरच्या एका म्हातारीने कौतुकाने मान हलवली. टेबलाशी पोचल्यावरच त्याच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो. डॉक्टर म्हणाला, "छान. सुधारणा आहे," आणि लिहिलं. आता सांगा, हे कुणाला सांगायचं? की साहेब, मी तुम्हाला फसवलं, पण उलट्या बाजूने?

कारण हे शब्द त्याने आधी ऐकले होते. नामपूरला, लग्नाआधी. बघण्याचा कार्यक्रम. अंगणात कांद्याचे ढीग, उन्हात वाळणारे, त्यांचा तो गोडसर उग्र वास डोळ्यांत जाणारा. पोहे झाले, नाव काय, शिक्षण काय, स्वयंपाक काय येतो, सगळं रीतीप्रमाणे झालं. आता मुलगी चालून दाखवणार, कुणीतरी म्हणणार की पोरी, जरा पाणी आण बरं आतून. तेवढ्यात मुलीचे, म्हणजे साधनाचे, वडील, चिमाजीमामा, खांद्यावरचा पंचा झटकत म्हणाले, "पोरनं चालनं ऱ्हाऊ द्या. पाव्हना, तुम्हीन जरासं चाली दखाडा." त्यांच्या कानावर कुणीतरी पाय घातला होता. सगळे गप्प. सहादूचा बाप मिशीतल्या मिशीत काहीतरी पुटपुटला. आणि सहादू उठला. मोठ्या घेराची पँट, हात खिशात, ओसरीपासून कांद्याच्या शेवटच्या ढिगापर्यंत गेला आणि परत आला, मधे थांबून एक कांदा उचलून हवेत उडवून झेलला सुद्धा. चिमाजीमामा खूश. "पोऱ्या ऐटमा शे," म्हणाले. लग्न ठरलं. त्या दिवसापासून 'चालून दाखवा' म्हटलं की सहादूचं अंग नवरदेव व्हायचं. एकवीस वर्षांच्या पोराचं शहाणपण बेचाळीस वर्षांच्या माणसाच्या अंगात बसलेलं. त्याला काय ठाऊक, या वेळी सासरा सरकार आहे?

आणि त्याच्याही मागं झेंडू होता. पंचवटीच्या अंगाला बापाचं तीन बिघे रान, त्यात बाराही महिने फुलं. सहादू शेतात कामाचा नव्हता म्हणून आई, नवसाबाई, त्याला दोन सऱ्यांच्या मधून चालायला लावायची. सकाळी, दव असताना. पाय टाकताना अंग डावीकडं झोक खायचं आणि डावीकडची झाडं हलायची, पाकळ्या पडायच्या, गुडघ्याला थंड पाणी लागायचं. आई बांधावरून म्हणायची, "फूल हाललं. परत." तो परत जायचा. "हाललं. परत." मायेनेच करायची ती, पण मायेला काही कमी आवाज नव्हता. तो रडायचा, चिडायचा, एकदा मुद्दाम सगळी सरी तुडवून टाकली आणि मार खाल्ला. मग एक दिवस फूल हाललं नाही. त्या दिवशीचा झेंडूचा तो कडवट वास त्याला अजून कधीकधी वर्कशॉपमध्ये, वार्निशच्या वासामधून, आपोआप यायचा. पुढं दहावीत पहिली फुलपँट शिवली तेव्हा खिशाचा शोध लागला. आईने नाही शिकवलं, त्याचं त्यालाच सापडलं. हात खिशात घातला की आतल्या आत मांडी घट्ट धरता येते, पाऊल टाकताना गुडघा दाबून धरता येतो, आणि बाहेरून लोकांना वाटतं काय रुबाब आहे. कॉलनीतली पोरं त्याला हिरो म्हणायची. खिशाचं अस्तर मात्र टिकायचं नाही. साधना वर्षानुवर्षं प्रत्येक पँटचा डावा खिसा जुन्या छत्रीच्या कापडाने शिवून द्यायची, काही न विचारता. त्याला वाटायचं, तिला वाटत असेल आपण खिशात किल्ल्या फार ठेवतो.

तर बुधवारसाठी लंगडायची तालीम सुरू झाली. गल्लीतलाच यादव तालमीचा मास्तर. यादव पेठकडचा, डोंगरातला, कारखान्यात प्रेसखाली तीन बोटं गेलेली, उरलेल्या दोनांत विडी धरून तो जगाला अक्कल शिकवायचा. त्यालाही फेरतपासणीला बोलावलं होतं. "मी हात दाखिवला. डॉक्टर म्हने, ठीक हाय, चालू ठेवू. मी म्हटला, साहेब, बोटा उगवली तं कळवतो," असं तो सगळ्यांना सांगत फिरायचा. घरापुढच्या बोळात संध्याकाळी सहादू चालायचा, यादव पायरीवर बसून सूचना द्यायचा, साधना शेंगा सोलत बघायची. "हां, आता पडल्यासारका कर," यादव म्हणायचा. सहादू पडल्यासारखं करायचा. "ह्ये दारू प्यालेल्याचा झाला," यादव. पुन्हा. "ह्ये गरम राखेत कोंबडी चालते तसा." पुन्हा. "आता कसा, माझा चुलता बाजेवरून उठला तसा वाटला." साधना हसून हसून शेंगांचं सूप सांडायची. सहादूसुद्धा हसायचा, कारण नकला करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. गल्लीतल्या प्रत्येकाचं लंगडणं त्याला येत होतं. गाडीवाल्या मुल्लाचाचाचं, गुडघे धरलेल्या वत्सलाबाईचं, काटा रुतलेल्या कुत्र्याचं. एक आपलंच येत नव्हतं.

हे हसणं बोळापुरतंच. रस्त्याने एकटा चालताना तो स्वतःवर नजर ठेवायचा, चोर धरावा तसा. आत्ता कुणी बघत नाहीये, आत्ता मी खरा कसा चालतो? पण बघायला लागलं की तो स्वतःच बघणारा व्हायचा आणि हात खिशात जायचा. स्वतःच्याच घरात आपण पाहुण्यासारखे वागतोय असं वाटायचं. आणि समजा बुधवारी आपण वाईट चाललो, तर ते नाटक. चांगले चाललो होतो, ते तरी काय होतं? मग खोटेपणा कुठला, अडतीसवाला की चाळीसच्या पुढचा? आईचं ते 'फूल हाललं, परत' कानात यायचं आणि त्याला वाटायचं, मी पाच-सहा वर्षांचा असताना कुठल्यातरी सरीत माझं चालणं सांडून आलो, आता ते तिथं खताला लागलं असेल, त्याच्यावर फुलंही येऊन गेली असतील. एका संध्याकाळी तो पायरीवर बसून म्हणाला, "यादव, मला लंगडायला येत नाय रे. लंगडा असून." यादवने विडी झटकली. "मंग पास कसा व्हशील?" सहादू बुटाचा खचलेला तळ चाचपत बसला.

साधना सुपात दाणे पाखडत होती. ती म्हणाली, "दूध उतू जातं ना, तसं चाला."

"काय?"

"सकाळी मी अंघोळीला असते, गॅसवर दूध असतं, तुम्ही पेपर वाचता. दूध वर येतं. मग तुम्ही पळता ना? तसं."

सहादूने तिच्याकडं बघितलं. "तू अंघोळीला असते तर तुला कसं दिसतं?"

"दाराला फट आहे," साधना म्हणाली. "मांडीवर हात मारत पळता. धप धप धप. लई मजा वाटते बघायला."

यादव विडी विसरला. सहादूला कानापर्यंत गरम झालं, चोरी पकडल्यासारखं. तो म्हणाला, "म्हणजे तुला हे... खिशाचं पण?"

"हाई काय शे?" ती वैतागली की नामपूरवर उतरायची. "अहो, छत्र्यांचं कापड मी काय हौसेनं लावते का? मला तर नामपूरलाच कळलं होतं. तुम्ही उठलात तशी मी आत पळाले, आतल्या खोलीच्या खिडकीतनं बघत होते. तुम्ही चाललात तर खिशाखाली कापड असं मूठभर गोळा व्हायचं, सुटायचं, गोळा व्हायचं, सुटायचं. मी म्हटलं, हा माणूस आतून कायतरी धरून चाललाय."

"मग हो का म्हणालीस?"

"चिडले होते आधी. मग तुम्ही तो कांदा उडवला." तिने सुपातल्या फोलपटांवर फुंकर मारली. "म्हटलं, एक हात असा अडकलेला असताना दुसऱ्या हातानं कांदा उडवतोय. माझ्यासमोर चांगलं दिसायला एवढी धडपड कुणी केली होती का? दुसरा आला होता तो तर नुसता पोहे खात बसला."

यादव इतका हसला की त्याला ठसका लागला आणि साधनाने त्याच्या पाठीत सूपच घातलं. सहादूला काय झालं ते त्यालाही सांगता आलं नसतं. एवढी वर्षं तो ज्या एका बाईसमोर नवरदेव म्हणून चालत आला होता, ती सगळा वेळ पडद्यामागं बसून खेळ बघत होती, तिकीट काढून, आवडीने. त्याला थोडं नागडं वाटलं आणि बरंच हलकं. पण दूध उतू जात नसताना दूध उतू गेल्यासारखं पळायचं कसं, हे काही जमेना. हात खिशात जायचाच. शिकलेला हात होता तो, चांगल्या घरचा.

बुधवारी सकाळी साधनाने स्वतः पँटला इस्त्री केली, तपकिरी, ठेवणीतली. "मी पण येते," म्हणाली. यादवही निघाला. त्याचं काम नव्हतं, पण तमाशा बघायला त्याला कारण लागत नसे. हॉल तोच, बाकं तीच, डॉक्टर तोच, आज जरा झोप झालेला. सहादूच्या पुढं एक जाडजूड गृहस्थ होता, चांदवडकडचा. त्याने तीन पावलं टाकली आणि धाडकन फरशीवर अंग टाकून "आई गं" केलं. डॉक्टर शांतपणे म्हणाला, "उठा. मागच्या वेळी उजवा पाय होता." बाकांवर खसखस पिकली, त्या गृहस्थालाही हसू आलं, तो कपडे झटकत उठला आणि दोन्ही पायांवर छान चालत गेला. हे असंच आपलं होणार. आपण पडणार आणि ते खोटं दिसणार, किंवा चालणार आणि ते खरं दिसणार. पुढच्या महिन्यात वाळूशेठच्या बाकड्यावर दुसऱ्याचे हात बसणार. त्याने साधनाकडं बघितलं. ती छताच्या पंख्याकडं बघत होती, इतकी निरागस, की त्याला त्याच क्षणी कळायला हवं होतं.

"सहादू विधाते. चालून दाखवा."

आणि झालंच ते. पाठ ताठ, मान वर, नामपूरचं ऊन डोळ्यांवर, पहिलं पाऊल पुढं आणि डावा हात रुबाबात खिशाकडं गेला. गेला आणि परत आला. आत जाईना. बोटं कापडावर नुसती घसरली. खिसाच नव्हता. म्हणजे होता, पण तोंड शिवून टाकलेलं, बारीक, नेटक्या टाक्यांनी, वरून इस्त्री मारून. हात चाचपडला, तोवर वजन डाव्या पायावर आलेलं, गुडघा मागं सटकला, सगळं अंग कोसळायला निघालं, आणि हाताने आपली आपण जी जागा धरली ती मांडीवर, बाहेरून, सगळ्यांसमोर. धप. गुडघा टिकला. आता थांबलं तर पडणार, म्हणून दुसरं पाऊल. धप. अंग डावीकडं झुकलं, उजवीकडं आलं, परत झुकलं. धप. धप. झोका मोठा होता, मोकळा होता, डावीकडची सगळी झाडं हलली असतील, सगळी फुलं पडली असतील, पडू दे. छातीतली कुठलीतरी एक पट्टी, जी आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं, ती सुटली आणि श्वास पोटापर्यंत गेला. बाकं, काठ्या, आया, पोरं, सगळी त्याच्याकडं बघत होती आणि गंमत म्हणजे कुणालाच त्यात काही विशेष दिसत नव्हतं. या हॉलमध्ये सगळे असेच. फक्त यादवने तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारली, त्या हाताची होती नव्हती ती सगळी बोटं वापरून. टेबल कधी आलं कळलंच नाही. सहादू टेबलाच्या पुढंच निघाला होता, डॉक्टरने "अहो, पुरे, पुरे" म्हणून त्याला थांबवलं.

डॉक्टरने या वेळी पेन खाली ठेवलं. खाली वाकून मांडी दाबून बघितली, गुडघा उचलायला लावला, तो उचलला गेला नाही, दोन्ही पायांना टेप लावून बघितली. मग वर बघून म्हणाला, "मागच्या वेळी असे का नाही चाललात?"

"मागच्या वेळी खिसा उघडा होता, साहेब."

डॉक्टरला काही कळलं नाही. त्याने साधनाकडं बघितलं. साधना पंख्याकडं. "काय करता तुम्ही?" त्याने विचारलं. "मोटरी भरतो, सातपूरला. म्हणजे पोचलो तर भरतो." "आणि हा पाय कशाने, पोलिओच ना?" सहादूच्या तोंडावर बिबट्या आला होता. चांगला, ताजा बिबट्या, उसातून नुकताच बाहेर पडलेला. त्याने तो गिळला. "पोलिओच," तो म्हणाला, आणि त्याला आश्चर्य वाटलं की शब्द तसा काही वाईट नव्हता. "बावन्न," डॉक्टर म्हणाला आणि लिहिलं. "बंद झालेलं सगळं पुढच्या महिन्यापासून चालू होईल. मधलं मिळणार नाही. आणि पुढच्या वेळी आल्यावर नीट..." तो शब्द शोधत थांबला. "नीट वाईट चालतो, साहेब," सहादू म्हणाला. तेव्हा तो डॉक्टर पहिल्यांदा हसला, आणि हसताना अगदीच पोरगेला दिसला.

बाहेर लख्ख ऊन. त्र्यंबक रस्त्याची वर्दळ, रिक्षांचे भोंगे, पलीकडं रसवंतीच्या घुंगरांचा आवाज. यादव विडी पेटवायला मागं राहिला. सहादूचं डोकं वाळूशेठकडं धावत होतं. आज अर्धा दिवस तरी बसता येईल, आज रिक्षाने जाऊ, उधारीने जाऊ, चांदोरीच्या एका माणसाची अडलेली मोटर आजच देऊन टाकू. शिवलेल्या खिशावर हात आपटला आणि मांडीवर पडला. धप. त्याने तो उचलला नाही. तसाच निघाला, झोके खात, फुटपाथवरून, फळवाल्यांच्या टोपल्यांच्या कडेकडेने, लोक बाजूला होत होते तर होत होते. संध्याकाळी गुडघा बोंबलणार होता, बोंबलू दे, त्याला तेल लावू. नवरदेव होऊन चालताना जगातली प्रत्येक फरशी मोजून टाकावी लागायची. आता पाय कुठं पडतोय हे बघायचीसुद्धा गरज पडेना. तोंडावर वारा लागत होता. स्वतःच्या चालण्याने तयार झालेला वारा असतो आणि तो तोंडाला लागतो, ही माहिती त्याला नवीन होती.

"अहो!" मागून आवाज आला.

त्याने वळून बघितलं. साधना बरीच मागं राहिली होती. एका हातात पदर, दुसऱ्या हातात अंगठा तुटलेली चप्पल, माणसांच्या मधून वाट काढत, लाल झालेली, अर्धी रागात, अर्धी हसत. इतकी वर्षं ती त्याच्या शेजारून पावलं आखडून चालत आली होती आणि तिला पळताना त्याने आज पहिल्यांदा बघितलं.

"अहो, थांबा ना! किती भराभरा चालता! माझ्यासाठी थांबा की जरा!"

थांबा. माझ्यासाठी थांबा. शाळेच्या सहलीत, जत्रेत, वरातीत, बसच्या मागं, हे वाक्य सहादूने जन्मभर दुसऱ्यांना म्हटलं होतं. त्याला आजवर कुणी म्हटलेलं नव्हतं. अजून एकदा ऐकायला मिळावं म्हणून त्याने मांडीवर थाप मारली आणि अजून जोरात निघाला.